आपण इथे कसे आलो

शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात गोल टेबलं मांडली होती. जूनपासून सहावी ते आठवीच्या वर्गांना नवा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम लागू होणार होता आणि तो काय आहे हे पालकांना कळावं, म्हणून शाळेने आईवडील दोघांनाही बोलावलं होतं. अंजली गांगुर्डे पाटबंधारे खात्यात कारकून होती, तिला शनिवारी सुट्टीच असे. तिचा नवरा अश्विन अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याने अर्धा दिवस रजा टाकली होती, तरी तिच्या आधी तयार होऊन तो खाली गाडीपाशी उभा होता. मुलीच्या शाळेच्या बाबतीत तो असाच होता.

त्यांची मुलगी मैत्री आता सातवीत जाणार होती. ती लहानपणापासून विचारायची. गोदावरीच्या तळाला सिमेंट का घातलंय, मग पाणी मुरतं कुठे? द्राक्षबागेवर प्लास्टिक टाकलं तर मधमाश्या आत कशा जातात? मागच्या वर्षी एका बाईंनी ‘फार फाटे फोडते’ असं म्हटलं, ते अंजलीला लागलं होतं. त्यामुळे या नव्या अभ्यासक्रमाचं तिला मनापासून बरं वाटत होतं.

अभ्यासक्रमाची जबाबदारी योगिनी मॅडमकडे होती. चाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, बोलायला गोड.

“आपण शिकलो तेव्हा धडा आधी यायचा आणि प्रश्न शेवटी,” त्या माईकवर म्हणाल्या. “आता प्रश्न आधी येईल. मूल विचारेल, शोधेल, माणसांना भेटेल, पुरावा गोळा करेल. शिक्षक फक्त सोबत चालेल.”

अंजलीच्याच टेबलावर बसलेल्या एका गृहस्थांनी हात वर केला. पिंपळगाव बसवंतला त्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं, नाव खंडेराव. त्यांची शर्वरी मैत्रीच्याच वर्गात होती आणि दोघी एकाच थांब्यावर बसमध्ये चढायच्या.

“मॅडम, पोरांनी नुसतं विचारतच बसायचं का? दहावीच्या पेपरात तर उत्तरं लिहावी लागतात.”

सभागृह हसलं. योगिनी मॅडमही हसल्या. “उत्तरं लिहायचीच आहेत. पण त्यांनी स्वतः शोधलेली. मी समजावत बसण्यापेक्षा आपण करूनच बघू या. सातवीचा पहिला घटक आहे ‘आपण इथे कसे आलो?’ तुमच्या टेबलावर एकमेकांना सांगा, तुमचे आजोबा-पणजोबा कुठे राहायचे, काय काम करायचे आणि तुमचं घर नाशकात कसं आलं. इथे कुठलंच उत्तर चूक नाही.”

अंजलीने अश्विनकडे पाहिलं. त्याने पाण्याचा ग्लास उचलला होता आणि तो पीत नव्हता.

खंडेरावांनीच सुरुवात केली. पणजोबांनी खडकात विहीर फोडली, आजोबांनी पहिली द्राक्षं लावली, वडील बाजार समितीत होते. ते रंगून सांगत होते. “आमच्या वाड्यावर बारा बलुतेदार राबायचे. आजी सांगायची, कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही कधी.” टेबलावरचे बाकीचे कौतुकाने ऐकत होते. मग त्यांनी अश्विनला विचारलं, “तुमचं सांगा, गांगुर्डे.”

“आमची शेती,” अश्विन म्हणाला.

अंजलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“कुठली?”

“विंचूरच्या बाजूला.”

“अहो, मग सोयरे निघालो की आपण!” खंडेरावांनी टेबलावर थाप मारली. “विंचूरला माझे मामा आहेत. त्यांना विचारतो, त्या भागातले गांगुर्डे कोणते ते.”

अश्विन हसला. ते हसू अंजलीच्या ओळखीचं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसच्या जेवणात तो असंच हसायचा. गांगुर्डे आडनाव नाशकात सगळ्या जातींत सापडतं, आणि त्या आडनावाच्या आडोशाला तो गेली कितीतरी वर्षं उभा होता. गप्प राहणं तिने पाहिलं होतं. सरळ खोटं बोललेलं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “शेती?”

“मग काय सांगायला हवं होतं? मेलेली ढोरं ओढायचे म्हणून?”

“दादा रेल्वेत होते, तेवढं सांगायचं.” दादा म्हणजे तिचे सासरे.

“रेल्वेत का आले, हा पुढचा प्रश्न आला असता. प्रश्न विचारायलाच तर शिकवणारेत.” सिग्नलला त्याने ब्रेक जरा जोरातच दाबला. “तू नाशिकरोडच्या वसाहतीत वाढलीस, अंजू. तिथे आजूबाजूला सगळे आपलेच होते. माझ्या होस्टेलवर ताट वेगळं ठेवायचे माझं. हसत हसत ठेवायचे. मैत्री बारा वर्षांची आहे.”

 तिला राग आला होता आणि तो खोटंही बोलत नव्हता.

शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मैत्री धावत घरी आली. “आई, शर्वरी सांगत होती की आपली विंचूरला शेती होती! तिच्या बाबांना बाबांनी सांगितलं. मला का नाही सांगितलं कधी? मी वर्गात सांगूनही टाकलं.”

“मग?” अंजलीने विचारलं.

“मॅडम म्हणाल्या, छान, पण तुला हे कसं कळलं? घरातल्या मोठ्या माणसाकडून ऐकून ये. आजोबांना फोन लाव ना.”

आजोबा म्हणजे अश्विनचे वडील कोंडाजी. इगतपुरीला एकटेच राहायचे. फोन उचलून ते नेहमीसारखे मोठ्याने “जय भीम, बाळा,” म्हणाले. मैत्रीने स्पीकर चालू ठेवला होता.

“आजोबा, आपली शेती किती होती?”

पलीकडे पावसाचा आवाज येत राहिला.

“कुणी सांगितलं?”

“बाबांनी.”

“मंग बाबालाच विचार,” कोंडाजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मैत्री फोनकडे बघत राहिली. “चिडले का ते?”

दुसऱ्या दिवशी अंजली ऑफिसातून निघून शाळेत गेली. योगिनी मॅडमना तिने आडपडदा न ठेवता सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत, शेती वगैरे काही नव्हती, नवऱ्याने त्या दिवशी जे सांगितलं ते भीतीपोटी सांगितलं.  ऑफिसात सगळ्यांना ती कोण आहे हे माहीत होतं, चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमाला ती पांढरी साडी नेसून जायची. पण या खोलीत सांगताना तिला कबुलीजबाब दिल्यासारखं झालं आणि त्याचीच तिला चीड आली.

योगिनी मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. “तुम्ही इतकं मनावर घेऊ नका. आमच्या शाळेत असं कोणी काही मानत नाही. मला तर जात कधी जाणवलीसुद्धा नाही. उलट, मैत्रीच्या आजोबांना आपण वर्गात बोलावू या का? मुलांसाठी किती जिवंत अनुभव होईल.”

“मुलांसाठी,” अंजली म्हणाली. “आणि मैत्रीसाठी?”

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या.

“तुम्ही मुलांना विचारायला शिकवता, ते मला आवडतं. तेवढ्यासाठीच मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. पण तुमच्या या प्रश्नाला शर्वरी विहीर आणि बागा सांगणार. माझी मुलगी मेलेली ढोरं ओढल्याचं सांगणार. त्यानंतर डबा खायच्या सुट्टीत काय होईल, याचा काही विचार केलाय तुम्ही?”

बाहेर कुठल्यातरी वर्गात मुलं एकदम हसली. योगिनी मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “खरं सांगायचं तर नाही केला.” मग म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तर हा घटक काढते मी.”

“आता काढला तर ‘का काढला’ म्हणून मैत्रीच पहिली विचारेल.”

अंजली उठली. 

रविवारी ती म्हणाली, “आपण इगतपुरीला जाऊ. जे सांगायचं ते दादांनीच सांगू दे.” अश्विन नको म्हणाला नाही. कदाचित तोही थकला होता. घोटी सोडल्यावर पाऊस इतका वाढला, की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. कोणी गाणी लावली नाहीत.

कोंडाजींचं दोन खोल्यांचं घर रुळांपलीकडच्या वस्तीत होतं. आयुष्यभर रेल्वेच्या रुळांवर गँगमन म्हणून राबल्यावर निवृत्त होताना त्यांनी ते बांधलं होतं. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की मोठ्याने बोलावं लागत होतं. त्यांनी चहा केला, मैत्रीला बशीत ओतून दिला आणि लेकाकडे न बघता विचारलं, “सांगू का हिला?”

अश्विन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. “सांगा.”

“तुझा पणजा रावजी. माझा बाप,” कोंडाजी म्हणाले. “गावात जनावर मेलं का ते वढून गावाबाहेर न्यायचं, हे काम आपल्याकडं व्हतं. आपल्या जातीकडं. त्याचे पैसे नाय. भाकर मागून आणायची. ती बी वरून टाकायचे.”

“वरून का?”

“हात लागू नये म्हणून.”

“कोणाचा कोणाला?”

“आपला. त्यांना.”

मैत्रीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही की काही नाही. ती फक्त आजोबांकडे बघत होती.

“मंग नागपूरला दीक्षा झाली. बाप तिकडं जाऊन आला. आला तो म्हणाला, आता आपण बौद्ध झालो, आता मेलं ढोर वढायचं नाय. गावात एकाचा बैल मेला. हा गेलाच नाय. बैल तसाच पडून राह्यला, वास सुटला. मंग गावानं आपल्याला गिरणी बंद केली, दुकान बंद केलं. मी लहान व्हतो. आई जात्यावर बाजरी दळायची, तेवढं ध्यानात हाय. बाजरी सरली तवा आमी निघालो. हितं घाटात रेल्वेचं काम निघालं व्हतं. बाप खडी फोडाया लागला. त्याच्या मागं मी.”

“पण मग बाबा का म्हणाले शेती?”

कोंडाजींनी आता लेकाकडे पाहिलं. “तू असं सांगितलं?”

“हो.”

“बरं केलं,” कोंडाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर अश्विनला सोपं गेलं असतं. तो छत्री न घेता बाहेर गेला आणि पडवीच्या कडेला पाठमोरा उभा राहिला.

“त्याला बोलू नको, पोरी,” कोंडाजी अंजलीला म्हणाले. “त्यानं लय सोसलंय कॉलेजात. मला सांगायचा नाय, पन सुट्टीला आला का जेवायचा नाय धड.” चहाचा कप त्यांनी जमिनीवर ठेवला. “ढोरं वढल्याची लाज वाटली, ते समजतं मला. पन माझ्या बापानं वढायचं सोडलं ना. उपाशी राह्यला, पन सोडलं. ते बी पुसलं गेलं बघ त्या खोट्यात.”

परतताना मैत्री मागच्या सीटवर काचेला डोकं टेकून बसली होती. मुंढेगाव गेल्यावर म्हणाली, “मी हे वर्गात सांगू?”

“नको,” अश्विन म्हणाला.

“मग काय सांगू? शेती?”

 अंजली मागे वळली. “तुला वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको सांगू. कोणी विचारलं म्हणून सगळं सांगायलाच हवं असं नसतं.”

जुलै संपता संपता शाळेने पालकांना पुन्हा बोलावलं. या वेळी बोलणार मुलं होती. सभागृहात प्रत्येकाने आपापला कोपरा मांडला होता. शर्वरीने विहिरीची प्रतिकृती केली होती, तिच्यात खरं पाणी होतं. मैत्रीने विंचूरकडच्या त्यांच्या जुन्या गावापासून इगतपुरीच्या घाटापर्यंतचा नकाशा काढला होता आणि त्यावर एक पायवाट. गावाचं नाव लिहिलेलं होतं. कोणी जवळ आलं, की ती सांगायला लागायची, न अडखळता, आजोबांनी सांगितलं त्याच क्रमाने.

 एका बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, “किती धीट गं.” दुसऱ्या कोणीतरी पुढे सरकता सरकता म्हणालं, “आता कुठे राहिलंय असं काही.” योगिनी मॅडम जवळच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पहिल्या सभेसारखा मोकळा नव्हता. प्रत्येक पालक आला, की त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

खंडेराव आले तेव्हा अश्विन मैत्रीच्या शेजारी होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अश्विनच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “मला माहीत होतं. मामांना मे महिन्यातच विचारलं होतं मी.”

“मग बोलला नाहीत?”

“तुम्ही नाही बोललात, तर मी कशाला बोलू? आमचं काही नसतं हो. शेवटी आपण सगळी माणसंच.” मग ते मैत्रीकडे वाकले. “बाळा, छान सांगितलंस. फक्त ते गावाचं नाव नको ठेवू. आमची नातीगोती आहेत तिथे. उगाच वाईट दिसतं.”

मैत्रीने वडिलांकडे पाहिलं. अंजली दोन पावलं पुढे झाली, पण अश्विनच बोलला. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला, त्यामुळे आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं.

“नाव राहील. शेती आमची नव्हती, खंडेराव. मी त्या दिवशी म्हणालो ते खरं नव्हतं. ही सांगते ते खरं आहे.”

“अहो, मी कुठे काय म्हणालो,” खंडेराव म्हणाले. ते हसले आणि पुढच्या कोपऱ्याकडे गेले. भांडण झालं नाही. कोणी काही वाईट बोललं नाही. त्या संध्याकाळी घरी येताना अंजलीला क्षणभर वाटलं, की निभावलं.

पुढच्या सोमवारी शर्वरी थांब्यावर नव्हती. मंगळवारी तिला घेऊन त्यांची गाडी थांब्यासमोरून गेली. ड्रायव्हर रोज सोडणार होता म्हणे. महिन्याअखेरीस तिचा वाढदिवस झाला. मैत्रीला ते वर्गातल्या दुसऱ्या मुलीच्या फोनवरच्या फोटोंतून कळलं. योगिनी मॅडमनी काही लक्षात आल्यावर वर्गात चर्चा घेतली, सर्व माणसं समान या विषयावर. चर्चा चालू होती तोवर सगळा वर्ग मैत्रीकडे बघत होता. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं, “मॅडम चांगल्या आहेत. पण त्यांनी परत नको घ्यायला ती चर्चा.”

एके सकाळी बसची वाट बघताना तिने विचारलं, “आई, शर्वरी माझ्यामुळे गाडीने जाते का?”

नाही म्हणणं सोपं होतं. अंजली म्हणाली, “मला नक्की माहीत नाही. पण मलाही तसंच वाटतं.” आणि मग, “तुला तिला विचारायचंय का?”

“नाही,” मैत्री म्हणाली. बस आली आणि ती चढली.

अंजलीने ऑफिसातून अश्विनला फोन करून ते सांगितलं.  तो म्हणाला, “आज मी आणतो तिला शाळेतून.”

संध्याकाळी अंजली घरी आली तेव्हा दोघं आली नव्हती. कपडे काढायला ती गॅलरीत गेली, तर खाली पार्किंगमध्ये गाडी उभी दिसली. ती केव्हाची आली होती कोण जाणे. आत दोघंही बसलेली होती. अश्विनचे हात अजून स्टिअरिंगवर होते आणि तो बोलत होता, समोरच्या भिंतीकडे बघत, थांबत थांबत. मैत्री त्याच्याकडे पूर्ण वळून बसली होती. मध्येच तिने काहीतरी विचारलं. त्याने मान खाली घातली, मग परत बोलायला लागला.

सातव्या मजल्यावर त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. होस्टेलचं सांगत असावा, अंजलीला वाटलं. ते ताट, आणि कदाचित आणखी काही, जे त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं. मुलीला हे ऐकवावं का, इतक्या लवकर, हे तिला ठरवता येईना. खाली जावं की नाही, तेही ठरेना. ती वाळलेले कपडे हातात घेऊन तिथेच उभी राहिली. नंतर आत आली, भाताचा कुकर तिने चढवला नाही, तसाच ओट्यावर राहू दिला. ती दोघं वर येईपर्यंत घाई कशाचीच नव्हती.